तेल फक्त घाटातच का गळत होते?

अधूनमधून होणाऱ्या एका तेलगळतीचे निदान करण्यात माझा २०२३ चा सबंध पावसाळा गेला. गाडी २००८ सालची, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची, गोव्यातल्या डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात नोंदलेली आहे. नोंदणीची पंधरा वर्षे २० नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण होत होती. म्हणजे गळतीचा छडा लागो वा न लागो, त्या तारखेच्या आत गाडी निरीक्षकापुढे तपासणीसाठी उभी करणे भाग होते. ज्यांच्या दारात अशीच एखादी जुनी गाडी आहे आणि ज्यांना "सील गेले असणार" एवढ्याच आधारावर मोठा खर्च सांगितला जात आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव तारखा आणि आकड्यांसह लिहून ठेवत आहे.

माझे रोजचे जाणे-येणे घरापासून साखळी गावापर्यंतचे, जेमतेम सहा-सात किलोमीटरचे आहे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा मात्र थोरल्या ताईकडे बेळगावला जावे लागते, आणि तो रस्ता केरीवरून चोर्ला घाट चढून पुढे कणकुंबी, जांबोटीमार्गे जातो. १८ जून २०२३ रोजी, रविवारी, बेळगावहून रात्री परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढल्यावर अंगणात, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, काळसर डाग दिसला. आमच्या अंगणात चिरे बसवलेले आहेत आणि चिरा तेल पिऊन टाकतो, त्यामुळे थेंब किती पडले, ताजे की जुने, हे त्या डागावरून काहीच कळत नाही. विहीर अंगणापासून फार लांब नाही, आणि पावसाचे पाणी त्याच उताराने जाते, हा विचार पहिल्याच दिवशी मनात आला आणि शेवटपर्यंत गेला नाही.

त्या रात्रीपासून गाडी शेडमध्ये उभी करून खाली पुठ्ठा अंथरू लागलो. पुठ्ठ्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या खुणा पेनाने करून ठेवाव्यात, म्हणजे गाडी रोज त्याच जागी उभी राहते आणि थेंब इंजिनाच्या नेमक्या कोणत्या भागाखाली पडला हे कळते. थेंब बोटावर घेऊन पाहणेही आवश्यक आहे: एसीचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते, कूलंट हिरवा, निळा किंवा तांबडा असून वासाला गोडसर असतो, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प येतो, आणि वापरलेले इंजिन ऑइल तपकिरी ते काळे दिसते. माझ्या पुठ्ठ्यावर पडलेले तेल इंजिनाचे होते आणि ते इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली पडले होते. मात्र पहिल्या दोन रात्रींनंतर पुठ्ठा कोरडा राहू लागला, आणि पुढे जवळजवळ महिनाभर कोरडाच राहिला.

जुलैच्या मध्यावर पुन्हा बेळगावला जाऊन आलो आणि डाग पुन्हा दिसला. साखळीतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेली तोवर मुसळधार पावसातून ती इतकी फिरली होती की खालचा सगळा भाग धुऊन निघाला होता. मेकॅनिकने गाडी पिटवर घेऊन बॅटरीच्या उजेडात पाहिले, जोडाखाली थोडा ओलावा असल्याचे सांगितले, आणि "चालवा, वाढले की बघू" म्हणून परत पाठवले. त्याने पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यात गळती शोधण्याची ही मोठीच अडचण आहे: पाण्याने तेलाचा माग पुसला जातो आणि उरलेला ओलावा कशाचा हे ओळखू येत नाही.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये वेळ घेतली. आठ दिवसांनी नंबर लागला, तपासणीचे ५९० रुपये घेतले, आणि हातात अंदाजपत्रक पडले: क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे, आणि तो उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलणे, मिळून १३,८०० रुपये. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडातून तेल पडते तेव्हा हे सील गेले असण्याची शक्यता खरीच असते, त्यामुळे सल्ला अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. पण मी विचारले की सील गेले असेल तर रोजच्या रस्त्यावर तेल का पडत नाही, आणि याचे उत्तर मला मिळाले नाही. दरम्यान घरात "आता ही गाडी काढून टाकूया" असे बोलणे सुरू झाले होते. वर्षानुवर्षे साथ दिलेली गाडी एका न समजलेल्या डागापायी द्यायची, हे मला मनापासून पटत नव्हते, आणि न समजलेल्या डागासाठी गिअरबॉक्स उतरवणेही पटत नव्हते.

तेव्हापासून मी नोंदी ठेवू लागलो. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिक पुसून पातळी पाहायची आणि किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहायची. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचे अंतर असते, त्यावरून किती तेल गेले याचा बरा अंदाज येतो. नोंदींतून चित्र स्पष्ट झाले: डिचोली-साखळीच्या पाचशे किलोमीटरमध्ये पातळी हलत नव्हती, तर बेळगावच्या एका फेरीत दीडशे ते दोनशे मिलिलिटर तेल जात होते. पणजीला महामार्गाने भरधाव जाऊन आल्यावरही पुठ्ठा कोरडा राहिला. म्हणजे कारण नुसत्या वेगात किंवा अंतरात नव्हते. ते चढावात होते. अधूनमधून होणारा कोणताही बिघाड गॅरेजमध्ये नेण्याआधी अशी नोंद हातात असावी, कारण मेकॅनिकपुढे गाडी उभी असते तेव्हा ती नेमकी बिघाडाच्या स्थितीत नसते.

१९ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. चवथीच्या दिवसांत गोव्यात गॅरेज उघडे सापडणे कठीण, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलो आणि मग एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो, ज्यांच्याकडे माझ्या वडिलांची गाडी जात असे. त्यांनी वही शांतपणे वाचली, बॉनेट उघडले आणि म्हणाले, "पयलीं इंजिन नितळ करूंया, मागीर सोदूंया." (आधी इंजिन स्वच्छ करूया, मग शोधूया.) तेलात घालून गळती थांबवणाऱ्या द्रव्याची बाटली वापरावी का, असे मी विचारले, कारण शेजारच्यांनी ती सुचवली होती. त्यांनी स्पष्ट नकार दिला. अशा द्रव्यांनी रबर फुगते आणि गळती काही काळ दबते, परंतु चांगली सीलेही त्यात मऊ होतात आणि मूळ कारण झाकले जाते. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले.

धुण्याआधी त्यांनी एक गोष्ट दाखवली. आमच्या भागातली तांबडी धूळ इंजिनावर सगळीकडे बसलेली असते. कोरड्या जागी ती फुंकरीने उडते, आणि जिथे तेलाचा ओलावा असतो तिथे तिचा घट्ट, काळपट लगदा होतो. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून लगद्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधायचा. माझ्या इंजिनात गिअरबॉक्सच्या बाजूला टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, खालपासून थेट तळापर्यंत लगदाच लगदा होता. इतके मात्र ठरले की ओलावा क्रँकच्या सीलापेक्षा पुष्कळ वर, इंजिनाच्या माथ्याजवळ सुरू होतो.

इंजिन थंड असताना अल्टरनेटर, कॉइल आणि हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने बांधून, डिग्रीझर आणि ब्रश वापरून, कमी दाबाच्या पाण्याने धुतले. धुण्याचे ३५० रुपये झाले. याचा एक अनपेक्षित फायदा असा की ब्लॉकवर गिअरबॉक्सच्या जोडाजवळ कोरलेला इंजिन क्रमांक, जो लगद्याखाली पूर्ण झाकला गेला होता, तो स्वच्छ वाचता येऊ लागला. नोंदणीच्या नूतनीकरणात निरीक्षक हाच क्रमांक आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून पाहतात, तेव्हा ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांनी एवढे तरी आधी करून घ्यावे.

त्याच दिवशी ५०० रुपयांत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घेतले. चार सिलिंडरचे आकडे १८०, १८५, १८० आणि १७५ पीएसआय आले. सिलिंडरांमध्ये मोठा फरक नव्हता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. पण तेल भरण्याचे झाकण उघडले तेव्हा त्याच्या आत पिवळट-पांढरा, साईसारखा थर निघाला आणि माझ्या छातीत धस्स झाले, कारण हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालचे पॅकिंग) फुटून पाणी तेलात मिसळले की असाच थर दिसतो, हे मी वाचले होते. मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली: तिच्यावरचे तेल स्वच्छ तपकिरी होते. कूलंटची पातळीही महिनोनमहिने उतरलेली नव्हती. थर फक्त झाकणात आणि श्वासनळीत, म्हणजे ब्रीदर पाइपमध्ये असेल, तर तो बहुधा आर्द्रतेचा असतो. पावसाळ्यातली दमट हवा आणि सहा-सात किलोमीटरचे छोटे प्रवास यांमुळे तेल पुरेसे तापत नाही, आत जमलेल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत नाही, आणि थंड भागात पाणी व तेल मिसळून हा साका धरतो.

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून तेलाच्या तोंडावर कागदाचा हलका तुकडा धरला. निरोगी इंजिनात तो किंचित आत ओढला जायला हवा. आमचा तुकडा थरथरत वर उचलला जात होता.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे गरजेचे आहे, कारण सगळे कोडे त्यातच होते. सिलिंडरमधल्या जळलेल्या वायूंपैकी थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. तो साठून राहू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेच्या वाटेने इनटेक मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतली) ओढ तो वायू खेचून घेते आणि पुन्हा जाळायला पाठवते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर खोलवर दाबलेला असतो तेव्हा वायू सर्वांत जास्त उतरतो आणि मॅनिफोल्डची ओढ मात्र सर्वांत कमी असते. त्या वेळी जास्तीचा वायू ब्रीदर पाइपमधून हवेच्या फिल्टरकडे निघून जातो. व्हॉल्व्ह चिकटला आणि ब्रीदर पाइपही साक्याने तुंबला, तर आतला दाब वाढतो आणि जे रबर सर्वांत दुबळे असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. सपाट रस्त्यावर दाब इतका वाढतच नाही. घाट उतरताना तर अॅक्सिलरेटर सोडलेला असतो, म्हणून खाली केरीला पोहोचेपर्यंत गळती थांबलेली असते.

मेकॅनिक लगेच व्हॉल्व्ह बदलायला तयार होते. मी थोडे थांबण्याची विनंती केली. दाब नाहीसा झाला की गळती दबेल, पण तेल नक्की कोणत्या रबरातून येत होते ते कळणार नाही, आणि ते कडक झालेले रबर तसेच आत राहील, अशी मला भीती होती. थेंब पडतो ती जागा, तेल बाहेर येते ती जागा आणि ते बाहेर येण्याचे कारण, या तिन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या पाहायच्या होत्या. त्यांनी अतिनील प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य तेलात घालण्याचा मार्ग सुचवला. रंगद्रव्याची बाटली ६५० रुपयांना आणि अतिनील टॉर्च पिवळ्या चष्म्यासह ४५० रुपयांना ऑनलाइन मागवली. पोहोचायला आठवडा लागला. अर्धी बाटली तेलात घालून काही दिवस रोजच्या रस्त्यावर गाडी चालवली आणि रात्री टॉर्चने पाहिले, तर इंजिन संपूर्ण काळे होते. कुठेही चमक नव्हती.

१४ ऑक्टोबरला, शनिवारी, पाऊस ओसरलेला पाहून संध्याकाळी भाच्याला बरोबर घेऊन चोर्ला घाट चढलो. गळती तपासायची तर माथ्यावर पोहोचताच, उतरण लागण्यापूर्वी, हे ठरवूनच निघालो होतो. रस्त्यापासून आत, रुंद जागी गाडी लावली, हँडब्रेक ओढून मागच्या चाकाला दगड दिला, इंजिन बंद केले आणि बॉनेट उघडले. एक्झॉस्ट त्या वेळी अतिशय तापलेला असतो, तेव्हा हात आत घालू नये, फक्त पाहावे. अंधार पडत होता आणि धुके उतरू लागले होते. टॉर्च लावताच इंजिनाच्या माथ्यावर, गिअरबॉक्सच्या टोकाला, कॅमशाफ्टच्या सेन्सरचे जे गोल घर आहे त्याच्या खालच्या कडेला पोपटी-पिवळी चमकदार रेघ दिसली. दोऱ्याइतकी बारीक रेघ ब्लॉकच्या पाठीवरून सरळ खाली जात होती आणि गिअरबॉक्सच्या जोडावर जाऊन पसरत होती. आम्ही पाहत असतानाच तिच्या टोकाला थेंब धरला. टॅपेट कव्हरची कड सेन्सरच्या वरच्या बाजूला किंचित चमकत होती, बाकी सर्व कोरडे होते. भाच्याने फोनवर फोटो घेतले. इतक्या महिन्यांची धाकधूक त्या एका रेघेने संपवली. मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. क्रँकच्या सीलाजवळ काही नव्हतेच, तेल वरून येऊन गिअरबॉक्सच्या जोडावरून खाली पडत होते.

सुटे भाग मिळायला वेळ लागला. सेन्सरच्या घराची ओ-रिंग (गोल रबरी कडी) दुकानात नव्हती, ती मागवावी लागली, आणि मध्ये २४ ऑक्टोबरचा दसरा आला. दुकानात जाताना जुना भाग किंवा आरसीची प्रत आणि चासी क्रमांक बरोबर न्यावा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भाग बदलतात. मापाने जवळपास बसणारी साधी ओ-रिंग घेऊ नये. तेल आणि उष्णता सोसणारी मूळ मापाचीच घ्यावी.

२८ ऑक्टोबरला काम झाले. काढलेली ओ-रिंग मी हातात घेऊन पाहिली. नव्या रिंगचा छेद गोल असतो. हिची बाहेरची बाजू पूर्ण सपाट झाली होती, आणि बोटांनी वाकवताच ती कट्कन मोडली. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून पाहिला तर आतल्या सुट्या भागाचा आवाज येत नव्हता. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. ब्रीदर पाइपमधून काठीने साका काढला तेव्हा जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली असल्याचे दिसले. टॅपेट कव्हरचे पॅकिंगही बदलले आणि बोल्ट टॉर्क पान्याने, सुमारे १० न्यूटन मीटरवर, आळीपाळीने आवळले. हे बोल्ट जोर लावून आवळले तर कव्हर वाकते आणि नवे पॅकिंगही गळू लागते. दमट तेल बदलून फिल्टर नवा घातला. जुने तेल गॅरेजच्या पिंपातच जमा केले.

खर्च असा आला: व्हॉल्व्ह ४२०, ओ-रिंग ४५, पॅकिंग ५८०, ब्रीदर पाइप ३१०, तेल आणि फिल्टर १,९५०, मजुरी ९००, म्हणजे ४,२०५ रुपये. धुणे, कॉम्प्रेशन, रंगद्रव्य आणि टॉर्च यांचे १,९५० आणि सर्व्हिस सेंटरच्या तपासणीचे ५९० धरले तर एकूण ६,७४५.

४ नोव्हेंबरला उरलेले रंगद्रव्य नव्या तेलात घालून पुन्हा घाटाच्या माथ्यापर्यंत गेलो. जुनी चमक आधीच पुसून काढली होती. टॉर्चखाली काही दिसले नाही, आणि झाकण उघडून धरलेला कागद आत ओढला गेला.

नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त साठ दिवस आधी करता येतो. मी तो ऑक्टोबरच्या अखेरीस परिवहनच्या पोर्टलवर भरला होता. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी त्या वेळी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये होते, आणि उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा. ८ नोव्हेंबरला मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी घेऊन डिचोलीच्या कार्यालयात गाडी नेली. निरीक्षकांनी चासी आणि इंजिन क्रमांक ताडून पाहिले, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि टायर तपासले. इंजिन क्रमांक वाचायला त्यांना फडकेही लागले नाही. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढून मिळाली. कार्ड डिसेंबरमध्ये हाती आले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा गाडी पणजीपर्यंत नेऊन चांगली तापवू लागलो, आणि प्रत्येक तेलबदलाच्या वेळी व्हॉल्व्ह व ब्रीदर पाइप काढून साफ करून घेतो. झाकणात साका आता अगदी पुसट धरतो. ऑइल चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या) एका कोपऱ्यात थोडा ओलावा अजून आहे. तो थेंब धरत नाही आणि डिपस्टिकवरही त्याचा परिणाम दिसत नाही, म्हणून मेकॅनिकच्या सल्ल्याने ते पॅकिंग टायमिंग बेल्ट बदलण्याच्या वेळेपर्यंत तसेच ठेवले आहे.